चूक सर्वस्वी आमचीच

गिरगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सुरुची,

लग्न झालेल्या मुलीच्या नावामागे नेमकं काय काय लिहायचं, हे तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "आधी ती वाचेल का ते बघा." तेव्हा 'सौ.' वगैरे जे राहिलं असेल ते तूच भरून घे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मी आता काहीही लिहायचं नाही असं ठरवलंय, त्याचं कारण तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली, साहेब न वाचता खाली सही ठोकायचे, इतका माझा लौकिक होता. आणि पोटच्या पोरीला लिहायला बसलो तर कागदावर कागद फाडतोय.

तुझा राग त्या नोटिशीवरून आहे, असं जावईबापूंनी, म्हणजे विहंगने, आईला सांगितलं. विमा कंपनीची नोटीस तुझ्या नावाने दादरला आली, ती अवधूतरावांनी उघडली आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. सासऱ्यांनी सुनेचं टपाल का उघडावं हा प्रश्न मी विचारत नाही. पण साक्षीदार म्हणून तुझं नाव मी दिलं ते का दिलं, एवढं तरी ऐकून घे.

त्या रविवारी तुझी चोरओटी होती, चौथा महिना लागलेला. अवधूतराव तुला घेऊन आले होते. ओटी झाली, खाणं झालं, निघायची वेळ झाली. त्यांची गाडी गल्लीत वळेना, म्हणून मी आपली गाडी काढून मागे नेली आणि वाण्याच्या बंद दुकानासमोर उभी केली. हँडब्रेक ओढलेला होता. तू त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पाठमोरी वळून बसली होतीस आणि काचेतून वर गॅलरीतल्या आईला हात करत होतीस. ते मला अजून दिसतंय. अवधूतराव गाडी वळवायला मागे आले ते मागेच आले, आणि माझ्या गाडीवर आदळले. माझा उजवा दिवा फुटला, बंपर आत गेला, बॉनेटला उंचवटा आला. त्यांचा मागचा दिवा गेला आणि डिकीला पोचा पडला. मी उभा होतो आणि ते हलत होते, यात तीळभर शंका नाही.

आम्ही दोघे उतरलो. तू काच खाली केलीस, तेव्हा मी तुला म्हटलं, "तू आतच बस, आम्ही बघतो." आणि अवधूतरावांना काय म्हणालो? "छे छे, चूक आमचीच. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका."

आता तूच सांग, दुसरं काय म्हणणार होतो? मुलीच्या बापाचा तो श्लोकच आहे. तुझ्या लग्नात त्यांच्याकडची माणसं सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त आली, आइस्क्रीम संपलं, तेव्हाही हात जोडून मी हेच म्हटलं होतं. म्हणून कोणी माझ्यावर आइस्क्रीम लंपास केल्याचा आरोप ठेवला नाही. संध्याकाळी आई म्हणाली, व्याह्यांना दोन ओळी पाठवा, बरं दिसतं. मी पाठवल्या. "आज झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. चूक सर्वस्वी आमचीच. लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा." त्यातला 'सर्वस्वी' मला विशेष आवडला होता.

तोच मेसेज अवधूतरावांनी कंपनीच्या चौकशीवाल्याला दाखवला. पुष्कर नावाचा मुलगा आहे, सभ्य आहे. मला म्हणाला, "काका, चूक नसताना असं कोण लिहितं?" मी विचारलं, "तुझं लग्न झालंय का?" म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "मग तुला नाही समजायचं." तो हसला आणि त्याने रिपोर्टमध्ये जे लिहायचं तेच लिहिलं. कंपनी म्हणते, चूक कोणाचीही असती तरी आम्ही भरपाई दिली असती. पण तुम्ही फॉर्मात लिहिलंत की गाडी उभी होती, आणि मेसेजमध्ये चूक कबूल केलीत. म्हणजे माहिती खोटी दिलीत. सबब दावा नामंजूर.

सुरुची, दिव्याचं आणि बंपरचं मला काही वाटत नाही. पण 'खोटी माहिती' हे शब्द माझ्या नावासमोर छापून आलेत. म्हणून मी वर तक्रार केली. त्यांनी विचारलं, प्रत्यक्ष पाहणारं कोणी आहे का? मंडळाने लावलेला कॅमेरा गणपती झाल्यावर उतरवून ठेवलाय. तुझ्या आईला विचारलं, तर म्हणते, "मी गाड्यांकडे कशाला बघू? मी पोरीकडे बघत होते." अवधूतरावांची नजर गाडीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर होती. मागे वळून बसलेली तू एकटीच. तूच सगळं पाहिलंस. म्हणून नाव दिलं. आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हेही मला माहीत होतं.

आई विचारते, खाणंपिणं नीट चाललंय का. कळव.

बाबा


गिरगाव,
८ डिसेंबर २०२४

चि. सुरुची,

पत्र मिळालं असणार. आपल्या नाक्यावरची टपालपेटी कोणी उघडतं की नाही याची शंका होती, म्हणून हे पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने टाकतोय. सही तुझीच घ्यायची, असं पोस्टमनला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुला दगदग नको म्हणून जबाबाचा मसुदा मीच करून सोबत ठेवला आहे. तू फक्त वाच आणि खाली सही कर. त्यात अवधूतरावांबद्दल वावगा शब्द नाही. 'चालकाच्या नजरचुकीने' असं लिहिलंय. नजरचूक कोणाचीही होते, त्यात अपमान काय? उलट मी त्यांच्या जागी असतो तर स्वतःच म्हणालो असतो. पण ते मुलाकडचे आहेत, त्यांना ती सवय नाही.

गाडी अजून तशीच खाली उभी आहे. निकाल लागेपर्यंत दुरुस्त करायची नाही, असं कंपनीचं म्हणणं. काळाचौकीच्या गॅरेजवाल्या सीतारामला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "साहेब, एक दिवसाचं काम आहे, कशाला थांबताय? केस-बिस होत राहील." त्याला काय सांगणार! बिल्डिंगमधल्या पोरांनी गाडीचं नाव 'काणी' ठेवलंय. येता-जाता हाक मारतात.

ती दुरुस्त व्हायला हवी ते दुसऱ्याच कारणासाठी. मार्चमध्ये बाळाला घेऊन तू याच गाडीतून इथे यायचीस, असं मी मनात धरून बसलोय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर लग्नाच्या बैठकीतच ठरलं होतं, आणि अवधूतरावांनी स्वतः मान हलवली होती. त्याचा मेसेज कोणाकडे नाही, एवढंच.

आई म्हणते, डॉक्टरांनी तुला प्रवास करू नकोस म्हटलंय. दादरहून गिरगाव हा काय प्रवास झाला? यायचं नसेल तर सरळ सांग, डॉक्टरांना मध्ये घालू नकोस. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहितोय.

सही केलीस की पाकीट परत पाठव. तिकीट लावून, पत्ता घालून आत ठेवलंय.

बाबा


गिरगाव,
३० डिसेंबर २०२४

चि. सुरुची,

डोहाळजेवणाला आईला बोलावलं, मला नाही. बायकांचा कार्यक्रम असतो हे मला ठाऊक आहे, पण खाली गाडीत बसायला तरी 'या' म्हणतात. आई टॅक्सीने गेली आणि टॅक्सीने आली. फुलांचे दागिने घातलेला तुझा फोटो तिने दाखवला. सगळ्या बायका उभ्या आणि तू एकटी पलंगावर टेकून. मी म्हटलं, राणीसाहेबांचा थाट आहे. आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. हल्ली ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

काल मी दादरला येऊन गेलो, हे तुला कोणी सांगितलं असेल-नसेल. अवधूतरावांनी दार उघडलं. "या, या," म्हणाले. चहा झाला. नंतर ते म्हणाले, "मनमोहनराव, माझ्या गाडीला मागे कॅमेरा आहे, सेन्सर आहे. मी मागे येत असतो तर ती बोंबलली असती."

मी म्हटलं, "बोंबलत होतीच. मला बाहेर ऐकू आली."

"मग तुम्ही मेसेज का केलात?"

"रीत म्हणून."

"हे बघा, आता कंपनीच्या रेकॉर्डवर आहे ना? रेकॉर्डवर आलं की आलं. तुम्हीही ऑफिसात हेच केलंत सगळा जन्म."

मी कप खाली ठेवला. तुला भेटायचं म्हटलं, तर तुझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "झोपलीय ती." सकाळी अकरा वाजता! मी बंद दाराकडे बघत बसलो. आत पंखा फिरत होता, बांगडीचा आवाज आल्यासारखा वाटला. खात्री नाही. साक्षीदारासारखं बोलायचं तर, पाहिलेलं नाही.

विहंग खाली सोडायला आला. चांगला मुलगा आहे, पण पाण्यात पडलेल्या माणसासारखा बोलतो, अर्धं वाक्य आत, अर्धं बाहेर. "बाबा, प्लीज सोडा ना हे. तुमच्या बंपरचे मी देतो. तिने सही केली तर ती राहणार कुठे? याच घरात ना?"

मी म्हटलं, "विहंग, प्रश्न बंपरचा नाही. खरं काय ते एकदा कागदावर यायला नको का?"

तो म्हणाला, "खऱ्याचं बोलताय, तर तुम्ही तिला एकदा तरी..." आणि तेवढ्यात वॉचमनने कोणाची तरी गाडी काढायला त्याला हाक मारली. तो धावत गेला. मी काही वेळ थांबलो आणि निघालो. एकदा तरी काय, ते राहिलंच.

त्या मसुद्यात काही खटकत असेल तर तुझ्या शब्दांत लिही. मी शब्दाला अडणारा माणूस नाही.

बाबा


गिरगाव,
२६ जानेवारी २०२५

चि. सुरुची,

आज काही मागायला लिहीत नाही.

तुझी खोली रंगवून घेतली. रंग आईने निवडला, मी पैसे दिले आणि रंगाऱ्याशी भांडलो, अशी कामाची वाटणी झाली. खिडकीला जाळी बसवली, डास येतात म्हणून. आईने अळीव आणून ठेवलंय. नारळ आयत्या वेळी फोडायचा म्हणते. ती रोज त्या खोलीत जाते, झाडते आणि दार ओढून घेते. मी विचारलं, "येणार आहे का गं ती?" तर म्हणाली, "मला काय विचारता, तिला विचारा." मग तुला विचारतोय.

येशील ना? भांडण माझं आणि अवधूतरावांचं आहे. त्यात तू कशाला तिकडे अडकून पडतेस? इथे कोणी तुझ्यासमोर गाडीचा विषय काढणार नाही, मी शब्द देतो. काढलाच तर आई मला बघून घेईल.

तुझा लहानपणीचा पाळणा उर्मिलाच्या माहेरी होता, तो मागवला. उर्मिला म्हणजे तुझी आई. बघ, मसुद्याची सवय जात नाही, व्यक्तीची ओळख आधी करून द्यायची.

ता. क. कंपनीने जबाबासाठी फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. नुसतं माहितीसाठी लिहितोय.

बाबा


गिरगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

सुरुची,

तुझा जबाब मिळाला. म्हणजे तू कंपनीला दिलेल्या जबाबाची प्रत त्यांनी मला पाठवली. माझा मसुदा वापरलेला नाहीस, हाताने लिहिलंयस. 'ळ' अजून तसाच गाठ मारल्यासारखा काढतेस. त्यावरून किती पट्टी खाल्लीस माझी, पण सुधारला नाहीस.

"मी सासऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. आमची गाडी उभी असताना माझ्या वडिलांची गाडी मागून येऊन आदळली."

इथपर्यंत वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आईला हाक मारली. म्हटलं, बघ, तुझ्या लेकीने काय लिहून दिलंय ते. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, कागद वाचला. मग म्हणाली, "पुढचं वाचलंत?"

वाचलं नव्हतं. मला पुढे जाववलंच नव्हतं. तिने कागद माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली, मी वाचेपर्यंत.

"धक्क्याने मी सीटच्या पाठीवर पोटावर आपटले. त्यानंतर ते दोघेही खाली उतरून गाड्यांचे नुकसान बघत होते. मी आतच होते."

कंपनीने तुला हे विचारलेलं नव्हतं. त्यांची प्रश्नावली माझ्याकडे आहे, त्यात असा प्रश्नच नाही. अवधूतरावांनीही हे लिहायला सांगितलं नसणार. ते तू मला लिहिलंयस. माझ्या सगळ्या पत्रांना मिळून आलेलं हे एकच उत्तर.

मी आईला विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "त्याच रात्री तिला अंगावरून गेलं. विहंगने हॉस्पिटलात नेलं. तेव्हापासून ती आडवीच आहे. डॉक्टर उठू देत नाहीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारायची वाट बघत होते. आधी तुम्ही बंपरचं बोलत होतात, मग मेसेजचं, मग कंपनीचं. तिने मला शपथ घातली होती, बाबांनी आपण होऊन विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मला वाटलं, एक-दोन दिवसांत विचारतील. पुढे पुढे मी वाट बघायची सोडून दिली."

मग तिने सांगितलं की बाळ ठीक आहे, पण शेवटपर्यंत जपावं लागणार आहे. बाळंतपण दादरलाच होणार, आणि हे तुमचं दोघींचं तेव्हाच ठरलं होतं. खोली रंगवताना तिला हे माहीत होतं. मी रंगाऱ्याशी भांडत होतो आणि ती मला भांडू देत होती. अळीव तिने आज शेजारी देऊन टाकलं.

तुला पहिल्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, तू मागे वळून बसली होतीस, म्हणून तूच सगळं पाहिलंस. त्याच पत्रात तू पोटुशी होतीस, पाठमोरी होतीस, पट्टा लावलेला असणं शक्य नव्हतं, हे सगळं होतं. मी लिहिलं आणि मलाच ते दिसलं नाही. लाज वाटते, सुरुची. याहून बरा शब्द शोधला, सापडला नाही.

काल कंपनीला पत्र दिलं. नक्कल पाठवत नाही, मजकूर सांगतो. दावा मागे घेतो. साक्षीदाराचा जबाब पूर्णपणे खरा आहे. माझा हँडब्रेक नीट लागलेला नव्हता आणि गाडी पुढे सरकली. फॉर्मात मी दिलेली माहिती चुकीची होती. चूक सर्वस्वी माझी. 'आमचीच' लिहिलं नाही, कारण तुझ्या आईचा त्यात काही वाटा नाही.

पुष्करचा फोन आला होता. म्हणाला, "काका, हे पत्र मागे घेतलं नाहीत तर 'खोटी माहिती' तुमच्या नावावर कायमची राहील." मी म्हटलं, राहू दे. माझ्या हट्टापायी तुझ्या नावावर खोटी साक्ष नको. ती जागा मी घेतली. मी रिटायर माणूस, माझं त्यावाचून काही अडत नाही. अवधूतरावांनाही कळवलं आहे, फोन करून. ते म्हणाले, "झालं गेलं विसरून जा, मनमोहनराव." पण 'या एकदा' असं म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

गाडी सीतारामला देऊन टाकली. पोरं दिवसभर खालच्या रिकाम्या जागेत क्रिकेट खेळतात. पाळणा माळ्यावर ठेवलाय.

तू येणार नाहीस, हे आता मला समजलंय. बारशाला बोलावलंत तर आई येईल. मी येईन असं मी धरून चालत नाही. हे पत्रही अवधूतराव उघडतील कदाचित. उघडू देत, त्यांनीही वाचावं.

त्या दिवशी मी उतरलो, आधी आपला दिवा बघितला, मग त्यांची डिकी, मग अवधूतरावांचा चेहरा. मागचं दार माझ्या हाताशी होतं. तू काच खाली केलीस, ती मला हाक मारायला. 'बाबा' म्हणालीस, पुढेही काहीतरी म्हणत होतीस. मी म्हटलं, तू आतच बस.

तेव्हा विचारायचं होतं ते आता विचारतो. उत्तर नाही आलं तरी चालेल.

सुरुची, तुला लागलं का गं?

बाबा